विश्लेषण : स्त्रीला खाट, पुरुषाला घोडा! एकाच डॉक्टरच्या दोन सल्ल्यांतून अमेरिकी साहित्यात काय घडले?

बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या एका तरुण लेखिकेला १८८७ मध्ये फिलाडेल्फियातील नामांकित डॉक्टरांनी महिनाभर खाटेवर झोपवून ठेवले आणि यापुढे लेखणीला हात लावू नका, असे बजावून घरी पाठवले. त्याच डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तितक्याच वयाच्या आणि तसाच खचलेल्या एका तरुणाला वायोमिंगच्या माळरानावर घोडा फेकायला धाडले होते. तिने पुढे ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा लिहिली, त्याने ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी. दोन्ही आज अमेरिकी साहित्यात अभिजात मानल्या जातात. पुरुषप्रधान व्यवस्था बाईला कशी घडवते आणि पुरुषालाही कोणत्या साच्यात घालते, हे या दोन पुस्तकांत स्पष्ट दिसते. त्या लेखिकेचे, म्हणजे शार्लट पर्किन्स गिलमन यांचे सारे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले.

शार्लट गिलमन कोण होत्या?

शार्लट यांचा जन्म ३ जुलै १८६० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड येथे झाला. वडील फ्रेडरिक बीचर पर्किन्स हे ग्रंथपाल आणि लेखक. वडिलांचे आजोळ अमेरिकेतील प्रसिद्ध बीचर घराण्याचे. गुलामगिरीविरोधातील ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टोव या वडिलांच्या मावशी. म्हणजे घराण्यात लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या, सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या स्त्रियांची वानवा नव्हती.

घरात मात्र वेगळेच चित्र होते. शार्लट लहान असतानाच वडिलांनी घर सोडले. आई मेरी, थोरला भाऊ आणि शार्लट नातेवाईकांच्या आधाराने एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात हिंडत राहिले. अठरा वर्षांत १९ वेळा घर बदलल्याची नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे. वडिलांकडून पैसे कमी आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या जास्त येत.

नवऱ्याने सोडलेल्या आईने एक अजब निर्णय घेतला होता. मायेची सवय लागली की पुढे ती तुटल्यावर जीव होरपळतो, म्हणून मुलीला जवळ घ्यायचेच नाही. मुलगी झोपली असे वाटले की मगच आई तिला कुशीत घेई. हे कळल्यावर शार्लट जागी राहण्यासाठी धडपडत आणि झोपेचे सोंग घेत. एका पुरुषाच्या निघून जाण्याने आईचे प्रेमही कसे कुलूपबंद होते, हा त्यांना मिळालेला पहिला धडा होता.

लग्नाला त्या का बिचकत होत्या?

तरुणपणी शार्लट यांनी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले. दुकानांच्या जाहिरातींची छोटी कार्डे रंगवून आणि शिकवण्या घेऊन त्या स्वतःपुरते कमावू लागल्या. व्यायामशाळेत जाणे, दोरावर चढणे, रोज मैलोन्‌मैल चालणे हा त्यांचा नेम होता. आयुष्यात जगाच्या उपयोगाचे काही करायचे, हा त्यांचा निश्चय ठरलेला होता.

१८८२ मध्ये त्यांची चार्ल्स वॉल्टर स्टेट्सन या देखण्या, होतकरू चित्रकाराशी ओळख झाली. त्याने काही आठवड्यांतच लग्नाची मागणी घातली आणि शार्लट यांनी ती नाकारली. प्रेम नव्हते असे नाही. लग्न केले की काम सुटेल, ही भीती होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे बाईने यापैकी एकच निवडायचे असे. दोघांचे हो-नाही सुमारे दोन वर्षे चालले. वॉल्टर यांना आवडणार नाही म्हणून लग्नाआधीच त्यांनी वॉल्ट व्हिटमन यांच्या कवितांचे भेट मिळत असलेले पुस्तक नाकारले होते.

मे १८८४ मध्ये लग्न झाले. मार्च १८८५ मध्ये मुलगी कॅथरीन जन्मली आणि शार्लट यांच्यावर मळभ दाटून आले. सतत रडू येणे, अंगात त्राण नसणे, बाळाला जवळ घेतले की सुखाऐवजी वेदनाच होणे. आज याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार होतात. तेव्हा त्याला सुखवस्तू बायकांची नाजूक प्रकृती, अतिविचाराचा परिणाम किंवा चक्क ढोंग मानले जाई.

हवापालटासाठी त्या कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे मैत्रिणीच्या कुटुंबाकडे गेल्या, तेव्हा तब्येत झपाट्याने सुधारली. घरी परतताच दुखणे पुन्हा उलटले. आजाराचे मूळ कुठे आहे हे यावरून ओळखता आले असते. पण कुटुंबाने पुढचा उपाय शोधला, तो फिलाडेल्फियात.

‘रेस्ट क्युअर’ म्हणजे नेमका कोणता उपचार?

डॉ. सायलस वेअर मिचेल हे त्या काळी अमेरिकेतील मज्जाविकारांचे सर्वांत मोठे नाव. यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांनी मज्जातंतूंच्या दुखापतींचा मोलाचा अभ्यास केला होता. हात किंवा पाय कापल्यानंतरही तो जागेवर असल्याचा भास होतो, या अनुभवाला आज वैद्यकशास्त्रात असलेले नाव त्यांनीच रूढ केले.

‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता हे तेव्हाचे फॅशनेबल निदान होते. थकवा, निराशा, निद्रानाश, डोकेदुखी असे सारे काही त्यात बसवले जाई. अशा स्त्रियांसाठी मिचेल यांनी ‘रेस्ट क्युअर’ म्हणजे विश्रांतीचा उपचार आखला. रुग्णाला घरच्यांपासून वेगळे ठेवायचे, सहा ते आठ आठवडे अंथरुणातून उठू द्यायचे नाही. भरपूर दूध आणि चरबीयुक्त अन्न, मालिश, विजेचे सौम्य झटके. सुरुवातीच्या काळात वाचणे, लिहिणे, शिवणकाम, अगदी उठून बसणेही बंद. निर्णय सगळे डॉक्टरांचे, रुग्णाने फक्त ऐकायचे.

शार्लट यांनी जाण्यापूर्वी आपल्या आजाराचा सविस्तर इतिहास लिहून पाठवला होता. डॉक्टरांना तो अहंमन्यतेचा नमुना वाटला. स्वतःच्या दुखण्याविषयी बाईला स्वतःचे मत असणे, हेच त्यांच्या लेखी दुखण्याचे लक्षण होते. सुमारे महिनाभराने शार्लट बऱ्या झाल्याचे ठरवून त्यांना घरी पाठवण्यात आले. सोबत पथ्य दिले. शक्य तितके घरात रमावे, मूल सतत जवळ ठेवावे, जेवणानंतर तासभर पडावे, बौद्धिक काम दिवसाला दोन तासांहून अधिक नको आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मभर स्पर्श करू नये.

त्यांनी हे पथ्य काही महिने प्रामाणिकपणे पाळले. परिणामी वेडाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्या. कपडे ठेवण्याच्या खोलीत, पलंगाखाली अंग चोरून बसून राहण्याइतकी त्यांची अवस्था बिकट झाली होती.

फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकांना अनोळखी नाही. याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या पदवीदान समारंभाला हजर होत्या. अमेरिकेतील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी पुढे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ मधील मराठी पुस्तकात लिहिले. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र होता. म्हणजे ज्या शहरात एका भारतीय स्त्रीला बाळंतपणाच्या शास्त्रात पदवी मिळाली, त्याच शहरात वर्षभराने एका बाळंतिणीला डोके चालवणे थांबवा असे सांगितले गेले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिका स्त्रियांसाठी एकाच वेळी दार उघडत होती आणि लावूनही घेत होती.

पुरुषांना वेगळा सल्ला का?

मज्जातंतूंची दुर्बलता पुरुषांनाही होई. ओवेन विस्टर हे त्यांपैकी एक. जन्म फिलाडेल्फियातला, तारीख १४ जुलै १८६०. म्हणजे शार्लट यांच्याहून ते केवळ ११ दिवसांनी लहान. हार्वर्डमध्ये शिकलेल्या विस्टर यांना संगीतकार व्हायचे होते. वडिलांना मुलाने व्यवहारात पडावे असे वाटत होते, म्हणून ते बोस्टनमध्ये नोकरीला लागले. जीव रमेना, तब्येत ढासळली. १८८५ मध्ये डॉ. मिचेल यांनी त्यांना वायोमिंगला जाण्याचा सल्ला दिला. मोकळ्या हवेत राहा, घोड्यावर बसा, शिकार करा.

मिचेल अशक्त झालेल्या पुरुषांना अनेकदा अशा मोकळ्या आयुष्याकडे पाठवत. या सल्ल्याला अभ्यासकांनी पुढे ‘रेस्ट क्युअर’शी यमक जुळवत ‘वेस्ट क्युअर’ म्हटले. तर्क सरळ होता. बाई आजारी पडली, कारण ती बाईपणाच्या चौकटीबाहेर गेली, तेव्हा तिला घरात परत न्या. पुरुष आजारी पडला, कारण तो शहरात, पुस्तकांत राहून पुरेसा पुरुष उरला नाही, तेव्हा त्याला रानात पाठवा. औषध वेगळे असले तरी दोघांवरही प्रयोग एकच होता. जो तो आपापल्या साच्यात परत बसला पाहिजे.

मिचेल दुष्ट नव्हते. अनेक रुग्ण त्यांचे ऋणी होते आणि ते स्वतः लोकप्रिय कादंबरीकारही होते. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. व्यवस्था टिकते ती सज्जन, हुशार, काळजी करणाऱ्या माणसांच्या बळावर.

‘द यलो वॉलपेपर’मध्ये काय आहे?

१८८८ मध्ये शार्लट पतीपासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या कॅथरीनला घेऊन पासाडेनाला गेल्या. पैसे नव्हते, तब्येत पुरती सावरलेली नव्हती, पण त्या पुन्हा लिहू लागल्या. १८९० च्या उन्हाळ्यात त्यांनी ही सुमारे सहा हजार शब्दांची कथा लिहिली.

कथेतील बाळंतीण पती जॉनसोबत उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या जुन्या हवेलीत राहायला येते. जॉन डॉक्टर आहे, तिचा भाऊही डॉक्टर. दोघांच्या मते तिला काहीही गंभीर झालेले नाही. तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवले जाते. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला आणि भिंतीवर जागोजागी फाटलेला, ओंगळ पिवळा कागद. लिहिण्यास बंदी असल्याने ती चोरून टिपणे ठेवते. आपण वाचतो ती हीच टिपणे.

करायला काहीच नसल्याने ती त्या कागदावरची नक्षी निरखत राहते. हळूहळू तिला नक्षीच्या गजांमागे एक बाई दिसू लागते, बाहेर पडण्यासाठी नक्षी गदागदा हलवणारी. शेवटच्या दिवशी ती खोलीचे दार आतून लावते आणि त्या बाईला सोडवण्यासाठी कागद ओरबाडून काढते. दार उघडून आत आलेला जॉन तिला भिंतीकडेने रांगताना पाहून बेशुद्ध पडतो. ती त्याच्या अंगावरून रांगत फेऱ्या घालत राहते.

ही कथा सहजासहजी छापली गेली नाही. ‘अटलांटिक मंथली’चे संपादक होरेस स्कडर यांनी ती परत पाठवली. वाचून आपल्याला जे क्लेश झाले ते वाचकांना देण्याची त्यांची तयारी नव्हती. अखेर जानेवारी १८९२ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’मध्ये आली. बोस्टनच्या एका डॉक्टरांनी अशा कथा लिहिल्याच जाऊ नयेत, असा निषेध वर्तमानपत्रातून नोंदवला. शार्लट यांनी कथेची प्रत मिचेल यांना पाठवली, पण त्यांचे उत्तर आले नाही. त्यांनी नंतर उपचारपद्धती बदलल्याचे शार्लट यांच्या कानावर आले होते, मात्र संशोधकांना त्याचा पुरावा मिळालेला नाही.

जॉन हा खलनायक आहे का?

कथेची खरी ताकद जॉनच्या व्यक्तिरेखेत आहे. तो मारत नाही, ओरडत नाही, व्यसनी नाही. बायकोला उचलून घेतो, लाडाने हाका मारतो, तिच्यासाठी पुस्तक वाचून दाखवतो. फक्त तिचे ऐकत नाही. ती बरे वाटत नाही म्हणाली की तिची तब्येत सुधारते आहे, असे तो तिलाच पटवून देतो. खोली बदलून मागितली की हसण्यावारी नेतो.

नवरा आणि डॉक्टर अशा दोन्ही नात्यांनी सारे काही आपल्यालाच कळते, असे मानायला तो शिकला आहे. चूक कबूल करण्याची, घाबरण्याची, बायकोला विचारण्याची मुभा त्याच्या साच्यात नाही. म्हणूनच समोरचे वास्तव नाकारता येईनासे होते तेव्हा तो थेट कोसळतो. तिचे वेड हळूहळू वाढले, त्याचा खंबीरपणा एका क्षणात गेला.

घर सांभाळणारी जॉनची बहीण जेनी हीसुद्धा याच व्यवस्थेतून घडली आहे. तिला दुसरे काही करण्याची इच्छाच नाही आणि वहिनीच्या दुखण्याचे खापर ती लिहिण्यावरच फोडते. पहारा देणारी बाई ही पुरुषप्रधान घराची हमखास गरज असते.

आणि ‘द व्हर्जिनियन’चा पुरुष?

वायोमिंगच्या फेऱ्यांतून विस्टर लेखक झाले. १९०२ मध्ये आलेली त्यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या पुस्तकांत होती. थिओडोर रूझवेल्ट यांना ती अर्पण केलेली आहे. कमी बोलणारा, अचूक नेम असणारा, स्वतःच्या शब्दाला जागणारा काऊबॉय अमेरिकी साहित्यात आणि पुढे चित्रपटांत स्थिरावला, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे.

हा नायक मोकळा वाटतो, पण त्याच्यावरही बंधने आहेतच. गुरे चोरणाऱ्यांना फासावर चढवण्याची वेळ येते, तेव्हा त्यांत त्याचा जिवलग मित्र स्टीव्ह असतो. नायक मागे हटत नाही आणि मोकळेपणाने रडूही शकत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी शत्रू ट्रॅम्पस गाव सोडून जाण्याचे आव्हान देतो. भावी पत्नी मॉली, व्हरमाँटहून आलेली शिक्षिका, विनवण्या करते, नाते तोडण्याची धमकी देते. तरी तो पिस्तूल घेऊन बाहेर पडतो, कारण गेलो नाही तर पुरुषांत तोंड दाखवता येणार नाही. तो जिंकून परततो आणि मॉली सारे विसरून त्याला मिठी मारते.

‘द यलो वॉलपेपर’मधील नायिकेला कथाभर कोणी नावाने हाक मारत नाही. विस्टर यांच्या नायकालाही नाव नाही, तो फक्त व्हर्जिनियाचा माणूस. ती खोलीत कैद आहे, तो आपल्या प्रतिष्ठेत. फरक इतकाच की त्याच्या कैदेचा समाजाने गौरव केला आणि तिच्या कैदेला उपचार म्हटले.

मुलीला दूर पाठवल्याची किंमत काय?

पासाडेनानंतर शार्लट ओकलंड येथे राहिल्या. खाणावळ चालवली, व्याख्याने दिली, लेख लिहिले. ज्या आईने कधी जवळ घेतले नव्हते, तिची अखेरच्या आजारात सेवा केली. १८९३ मध्ये आई वारली.

१८९४ मध्ये घटस्फोट झाला. वॉल्टर यांनी त्याच वर्षी शार्लट यांची जिवलग मैत्रीण ग्रेस एलरी चॅनिंग हिच्याशी लग्न केले. शार्लट यांनी या लग्नाला मनापासून शुभेच्छा दिल्या. तिघांचेही संबंध चांगले राहिले. एवढेच नव्हे तर नऊ वर्षांच्या कॅथरीनला त्यांनी वडील आणि सावत्र आईकडे राहायला पाठवले. मुलीवर वडिलांचाही हक्क आहे, ग्रेस तिला उत्तम सांभाळेल आणि आपल्या हिंडण्या-फिरण्याच्या आयुष्यात तिची आबाळ होईल, असा त्यांचा विचार होता.

वर्तमानपत्रांनी त्यांना फाडून खाल्ले. मुलीला टाकणारी, आई म्हणवण्यास नालायक बाई, असा त्यांचा लौकिक झाला. शार्लट यांच्या वडिलांनी दोन मुलांना सोडले होते, तेव्हा त्यांच्या ग्रंथपालपदाला धक्का लागला नव्हता. ते पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही झाले. सोडून जाणारा बाप ही घरगुती अडचण आणि दूर राहणारी आई हा सामाजिक गुन्हा, हे दोन मापांचे गणित शार्लट यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले. मुलीला पाठवल्याचे दुःख त्यांना जन्मभर पुरले. आत्मचरित्र लिहितानाही तो प्रसंग आठवून डोळ्यांना धारा लागत, असे त्यांनी नोंदवले आहे. कॅथरीन पुढे कलाकार झाल्या.

घरकामाचा हिशेब त्यांनी कसा मांडला?

१८९८ मध्ये त्यांचे ‘विमेन अँड इकॉनॉमिक्स’ हे पुस्तक आले आणि त्यांचे नाव अमेरिकेबाहेरही पोहोचले. त्यांचा मुद्दा असा : माणूस ही एकच जात आहे जिच्यात मादी अन्नासाठी नरावर अवलंबून असते, त्यामुळे स्त्रीसाठी लग्न हेच पोटापाण्याचे साधन होते. तिला मिळणारे सुख तिच्या श्रमांवर ठरत नाही, नवऱ्याच्या मिळकतीवर ठरते. सर्वांत जास्त राबणाऱ्या गरीब बायकांना सर्वांत कमी मिळते आणि काहीच न करणाऱ्या श्रीमंत बायकांना सर्वाधिक, हा त्याचा पुरावा.

उपाय म्हणून त्यांनी स्वयंपाक, सफाई आणि बालसंगोपन ही कामे प्रशिक्षित, पगारी माणसांकडे द्यावीत, असे सुचवले. स्वयंपाकघर नसलेली घरे आणि इमारतीत एक सामायिक मुदपाकखाना अशी कल्पना त्यांनी मांडली. पाळणाघरे आणि तयार डबे आज शहरांत सर्रास दिसतात, तेव्हा मात्र अनेकांना ही कल्पना घरावरचा हल्ला वाटली.

१९०० मध्ये त्यांनी आतेभाऊ जॉर्ज हॉटन गिलमन यांच्याशी लग्न केले. ते न्यूयॉर्कमध्ये वकिली करत. पत्नीच्या लेखनाचा आणि दौऱ्यांचा त्यांना आदर होता. पुरुष साच्याबाहेरही राहू शकतो, हे शार्लट यांना आता घरातच दिसत होते.

प्रेमकथा लग्नापाशीच का संपते?

१९०९ ते १९१६ या काळात शार्लट यांनी ‘द फोररनर’ हे मासिक एकटीने चालवले. अग्रलेख, कथा, कविता, क्रमशः कादंबरी, सारा मजकूर त्यांचाच. १९११ मधील ‘द मॅन-मेड वर्ल्ड’ या पुस्तकात त्यांनी साहित्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. कथा-कादंबऱ्यांत आजवर दोनच विषय प्रामुख्याने आले, साहस आणि प्रेम. साहसकथेत पुरुष लढतो. प्रेमकथेत पुरुष बाईचा पाठलाग करतो आणि ती मिळाली की गोष्ट संपते. म्हणजे दोन्हीकडे पुरुषाच्या आयुष्याचा एक तुकडाच दिसतो. लग्नानंतरचे बाईचे आयुष्य, मातृत्व, काम आणि संसार यांतली ओढाताण, चाळिशीनंतरची बाई, बायकांचे बायकांशी नाते हे सारे कोरेच राहिले आहे.

या नजरेने पाहिले तर ‘द व्हर्जिनियन’मध्ये साहसकथा आणि प्रेमकथा दोन्ही आहेत आणि ती लग्नाच्या आनंदापाशी थांबते. ‘द यलो वॉलपेपर’ लग्नानंतर, बाळ झाल्यावर सुरू होते. केट शोपॅन यांची ‘द अवेकनिंग’ (१८९९) ही कादंबरीही दोन मुलांच्या आईची आहे. त्या काळच्या टीकाकारांना या गोष्टी नकोशा वाटल्या, यात नवल नाही.

शार्लट यांनी हे कोरे पान भरायचा प्रयत्न केला. ‘टर्न्ड’ (१९११) या कथेत नवऱ्यामुळे घरातील कामवाली मुलगी गरोदर राहते. बायको आधी तिला हाकलायला निघते, मग दोष कोणाचा हे उमगून त्या मुलीसह घर सोडते. ‘इफ आय वेअर अ मॅन’ (१९१४) ही विनोदी कथा. त्यातली गृहिणी एका दिवसापुरती नवऱ्याच्या शरीरात शिरते. तिला सर्वांत अप्रूप वाटते ते खिशांचे. पैसे, किल्ल्या, पेन सारे आपल्याच हाताशी! पण गाडीतल्या पुरुषांच्या गप्पा ऐकताना बायकांविषयी त्यांच्या मनात काय साठले आहे, तेही तिला कळते.

१९१५ मधील ‘हरलँड’ ही कादंबरी फक्त स्त्रियांच्या देशाची आहे. तिथे पोहोचणारे तीन पुरुष हे पुरुषप्रधान समाजाचे तीन नमुने आहेत. टेरीला बाई म्हणजे जिंकायची वस्तू वाटते. जेफला ती पूजायची देवी वाटते. समाजशास्त्रज्ञ व्हॅन तेवढा पाहतो, विचारतो आणि बदलतो. बायकोवर बळजबरीचा प्रयत्न करणाऱ्या टेरीला देशाबाहेर काढले जाते. पूजा करणारा जेफही बाईला माणूस मानत नाही, हे शार्लट यांनी हसत-खेळत दाखवले आहे.

त्यांच्या विचारांची काळी बाजू कोणती?

शार्लट यांना आदर्श ठरवताना एक गोष्ट झाकता येत नाही. वंशाच्या प्रश्नावर त्यांची मते प्रतिगामी होती. १९०८ मध्ये समाजशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी पुरेशी प्रगती न केलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांना सरकारने सक्तीच्या श्रमसेनेत भरती करावे, असा प्रस्ताव मांडला. स्थलांतरितांविषयी त्यांना तिटकारा होता आणि उत्तम संततीसाठी कोणी मूल जन्माला घालावे हे ठरवणाऱ्या युजेनिक्सच्या विचारावर त्यांची श्रद्धा होती. ‘हरलँड’च्या आदर्श स्त्रियाही गोऱ्या आर्य वंशाच्याच आहेत.

तज्ज्ञाने दुसऱ्याच्या भल्याचे नाव घेऊन त्याच्या आयुष्याचे निर्णय करावेत, हीच तर मिचेल यांची चूक होती. वंशाचा प्रश्न आला तेव्हा शार्लट स्वतः त्याच खुर्चीत बसल्या.

विस्मरणातून त्या परत कशा आल्या?

पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे वाचक कमी होत गेले. १९३२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. १९३४ मध्ये पती हॉटन यांचे अचानक निधन झाले आणि त्या मुलीजवळ राहण्यासाठी पासाडेनाला आल्या. आजार असाध्य झाल्यावर १७ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांनी स्वतः जीवनाचा शेवट केला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव जवळपास पुसले गेले. ‘द यलो वॉलपेपर’ आली तरी भयकथांच्या संग्रहात येई, एका वेड्या बाईची भुताटकीसारखी गोष्ट म्हणून.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फेमिनिस्ट प्रेस’ने ती स्वतंत्र पुस्तक म्हणून छापली. ‘हरलँड’ पुस्तकरूपात १९७९ मध्ये आली. तोवर अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहिली होती आणि वाचकांना त्या खोलीतील गज, ठोकलेला पलंग आणि प्रेमळ नवरा यांचा अर्थ लागू लागला होता. आज ही कथा अमेरिकेत साहित्याच्या अभ्यासक्रमांत आहे आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोरही ठेवली जाते. रुग्ण सांगतो ते डॉक्टरने का ऐकावे, यासाठी.

लेखणीला हात लावू नका, असे शार्लट यांना सांगितले गेले तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनी सुमारे ४८ वर्षे लिहिले.